त्या एका मुलीला यादीतून काढू नकोस

*"मॅडम, मी एम.ए. भाग १ ला आहे, विषय मानसशास्त्र. दहावीनंतर गणित सुटलं ते सुटलंच. माणसं समजून घ्यायची म्हणून हा विषय घेतला आणि इथे सांख्यिकीचा पेपर पुढ्यात आला. मध्यमान (म्हणजे सरासरी), मध्यगा, बहुलक पाठ आहेत. पण दोन गटांच्या मध्यमानांची तुलना करणारी टी-टेस्ट करताना मी नेमकं काय करतेय ते कळत नाही. सूत्रात आकडे घालते आणि उत्तर काढते. प्रकल्पासाठी वसतिगृहात राहणाऱ्या १५ आणि घरून येणाऱ्या १५ मुलींची परीक्षा-चिंता मोजली. चाचणीत २० विधानं आहेत, गुण २० ते ८०. वसतिगृहाचं मध्यमान ४८.२, प्रमाण विचलन (गुण किती विखुरलेत त्याचं माप) ७.५. घरून येणाऱ्यांचं ४४.६ आणि ६.९. टी १.३७ आला, तक्त्याप्रमाणे किमान २.०४८ हवा. म्हणजे फरक सार्थक नाही, तो नुसत्या योगायोगानेही आलेला असू शकतो, आणि वसतिगृहात चिंता जास्त असते हा माझा अभ्युपगम (आधी धरलेला अंदाज) खोटा ठरला. वसतिगृहातल्या एका मुलीला फक्त २९ गुण आहेत. सीनियर म्हणाली, तिला काढून टाक, सगळेच काढतात. काढून बघितलं तर टी २.१४ येतो! पुढच्या आठवड्यात प्रकल्प द्यायचा आहे. काय करू? आणि हे स्टॅट मला कधी कळेल का?"*

प्रिय विद्यार्थिनी,

घाईचा प्रश्न आधी घेते. त्या मुलीला काढू नकोस. प्रकल्प आहे तसा दे. का, ते सविस्तर सांगते, कारण ते नीट उमगलं की तुझा शेवटचा प्रश्नही बराचसा सुटेल.

न काढणं म्हणजे न तपासणं नव्हे. आज संध्याकाळी तिची मूळ उत्तरपत्रिका बाहेर काढ. वीस विधानांची बेरीज पुन्हा कर. एखाद्या विधानापुढे खूण करायचीच राहिली आहे का, आणि तू तिथे शून्य धरलंस का, ते बघ. मग उलट गुणांकनाची विधानं बघ. चिंतेच्या पुष्कळ चाचण्यांत 'परीक्षेच्या आदल्या रात्री मला शांत झोप लागते' अशा धर्तीची काही विधानं पेरलेली असतात. तिथे 'नेहमी'ला ४ नाही, १ गुण द्यायचा असतो. ही उलटापालट करायची राहून जाते, प्रकल्प तपासताना मला ही चूक दर वर्षी सापडते. शेवटी, वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा आहेत का तेही बघ, म्हणजे न वाचता भरलेली पत्रिका ओळखू येईल. चूक सापडली तर जरूर दुरुस्त कर. फक्त मग बाकीच्या सगळ्या पत्रिकाही त्याच डोळ्यांनी तपासायच्या. नको असलेल्या उत्तरावर भिंग धरायचं आणि हव्या असलेल्या उत्तराकडे बघायचंही नाही, ही फसवणुकीची अगदी सभ्य दिसणारी पायरी आहे.

आणि चूक नाही सापडली तर? मग ती एक मुलगी आहे, जी वसतिगृहात राहते आणि परीक्षेला घाबरत नाही. कदाचित तिच्या खोलीत चौघी मिळून अभ्यास करत असतील. कदाचित घरी तिला रात्री दिवा लावून बसायची सोय नव्हती आणि इथे ती पहिल्यांदा मिळाली असेल. आपल्याला माहीत नाही. पण माणसं समजून घ्यायची म्हणून तू हा विषय घेतलास ना? ही त्यांतलीच एक. आपल्या अंदाजात ती बसत नाही एवढ्यावरून तिला मिटवायचं तर मग उरलेल्या चौदाजणींना विचारायची तरी काय गरज होती?

ती फार वेगळी आहे असंही नाही. तिचा प्रमाण प्राप्तांक, म्हणजे ती मध्यमानापासून किती प्रमाण विचलनं लांब आहे ते, काढ: २९ वजा ४८.२ म्हणजे −१९.२, त्याला ७.५ ने भाग, उत्तर −२.५६. प्रसामान्य वितरणात, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्रात, मध्यापासून इतक्या लांब, दोन्ही बाजू मिळून, शंभरात साधारण एक जण असतो. तीसजणींना विचारलंस तर अशी निदान एक तरी भेटण्याची शक्यता चारात एकापेक्षा थोडी जास्तच.

आता मुळापासून. गणित सुटलं म्हणून घाबरतेस, पण या पेपरात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ यांपलीकडे हातांना काही करावं लागत नाही. अडतं ते डोक्यात चित्र नसल्यामुळे. सगळ्यात महत्त्वाचं चित्र मध्यमानाचं नाही, विखुरण्याचं आहे.

पाच मुली घे. त्यांचे गुण १०, ११, १२, १३, १४. दुसऱ्या पाच मुली, गुण २, ७, १२, १७, २२. दोन्हीकडे मध्यमान १२. मध्यगाही १२. नुसतं मध्यमान लिहून तू घरी गेलीस तर दोन्ही वर्ग सारखेच दिसतील. पण पहिल्या वर्गात शिकवायला उभी राहिलीस तर पाचहीजणी एकाच गतीने पुढे येतील. दुसऱ्या वर्गात एकीला काहीच कळणार नाही आणि एक कंटाळून खिडकीबाहेर बघत बसेल. हा फरक प्रमाण विचलन सांगतं. प्रत्येकीच्या गुणांतून १२ वजा कर. पहिल्या वर्गात −२, −१, ०, १, २. बेरीज केलीस तर शून्य, कारण वरच्या आणि खालच्या एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून वर्ग करायचे: ४, १, ०, १, ४, बेरीज १०. दुसऱ्या वर्गात १००, २५, ०, २५, १००, बेरीज २५०. या बेरजेला पाचाऐवजी चाराने भाग आणि वर्गमूळ घे. पहिल्या वर्गाचं प्रमाण विचलन १.५८, दुसऱ्याचं ७.९१. हे एकदा कागदावर, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून कर. दहा मिनिटं लागतील.

चाराने का भागलं, हा व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा, नेहमीचा प्रश्न. आत्ताच बघितलंस की विचलनांची बेरीज शून्यच येते. म्हणजे पाचांपैकी चार विचलनं कळली की पाचवं आपोआप ठरतं, त्याला स्वतःचं असं काही सांगायचं उरत नाही. स्वतंत्र बोलणारी चारच. यालाच स्वाधीनता मात्रा म्हणतात. तुझ्या दोन गटांत १४ आणि १४, मिळून २८, आणि तक्त्यातला तुझा २.०४८ हा २८ च्या ओळीतलाच आहे.

विखुरणं विसरलं की काय होतं ते मोठ्या प्रमाणावरही दिसतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले सांख्यिकीतज्ज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. माणसाची अन्नाची गरज माणसागणिक बदलते, आणि एकाच निरोगी माणसाची गरजही सदासर्वदा एकच नसते, असं ते मांडत राहिले. त्यामुळे सरासरी गरजेच्या खाली जो जो जेवतो तो तो कुपोषित, असा हिशेब करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मोठे वाद झाले. पण प्रश्न तोच, तुझ्यासमोर आहे तो: मधल्या आकड्याला माणूस समजायचं का?

आता टी. सूत्र बाजूला ठेव. टी म्हणजे एक साधा भागाकार आहे. वर आहे तुला दिसलेला फरक, ४८.२ वजा ४४.६, म्हणजे ३.६. खाली आहे या फरकाचा डळमळीतपणा: पुन्हा पुन्हा अशाच १५-१५ मुली निवडल्या तर हा फरक साधारण किती इकडेतिकडे हलेल. तो विखुरण्यावरूनच येतो. ७.५ चा वर्ग भागिले १५, अधिक ६.९ चा वर्ग भागिले १५, त्यांचं वर्गमूळ: २.६३. मग ३.६ भागिले २.६३, तुझा १.३७. म्हणजे तुला दिसलेला फरक नेहमीच्या हलण्यापेक्षा दीडपटही मोठा नाही.

आणि आता त्या मुलीला काढल्यावर काय झालं ते बघ. मध्यमान ४८.२ वरून ४९.६ झालं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. पण दुसरी गोष्टही झाली, वसतिगृहाचं प्रमाण विचलन ७.५ वरून ५.५ वर उतरलं. वरचा आकडा वाढला आणि खालचा घटला, म्हणून टी एकदम उडी मारून २.१४ झाला. एका माणसाने तुझा निष्कर्ष फिरतो, याचा अर्थ तो निष्कर्ष अजून तिच्या एकटीच्या खांद्यावर उभा आहे. हे कळणं हीच तुझ्या प्रकल्पातली मोलाची माहिती आहे.

फरक सार्थक आहे की नाही हे ज्यावरून ठरवतात ते पी-मूल्य म्हणजे काय, ते मला पुस्तकातून कधीच कळलं नव्हतं. आमच्या बाईंनी एक दिवस वर्गात स्टीलचा डबा आणला, त्यात चिठ्ठ्या होत्या. तेच तू आज रात्री खोलीवर कर. तीस चिठ्ठ्या फाड, प्रत्येकीवर एका मुलीचे गुण लिही, गट लिहू नकोस. डब्यात घालून हलव. डोळे मिटून पंधरा एका बाजूला, पंधरा दुसऱ्या बाजूला मांड. आता 'वसतिगृह' आणि 'घर' या पाट्या पूर्णपणे निरर्थक आहेत, तूच त्या पुसल्या आहेस. दोन्हीकडचं मध्यमान काढ, फरक लिहून ठेव. पुन्हा सगळ्या डब्यात, पुन्हा हलव. खोलीतल्या मैत्रिणींना मदतीला घे, एक मांडेल, एक बेरीज करेल, एक लिहील. पन्नास वेळा झालं तरी पुरे, शंभर झालं तर उत्तम. मग मोज: किती वेळा फरक ३.६ किंवा त्याहून मोठा आला, कोणत्याही बाजूला?

तुझ्या आकड्यांवरून पी-मूल्य ०.१८ च्या आसपास येतं. म्हणजे शंभर वेळा चिठ्ठ्या मांडल्यास तर साधारण अठरा वेळा, नुसत्या हलवण्यातून, वसतिगृहाचा काडीचा संबंध नसताना, एवढा फरक दिसेल. पी-मूल्य म्हणजे एवढंच. शून्य अभ्युपगम, म्हणजे 'फरक नाही' हे गृहीतक, खरा असण्याची शक्यता १८ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. ही चूक छापील पुस्तकांतही असते, तेव्हा तुला कुणी तसं शिकवलं असेल तर नवल नाही. पी-मूल्य सुरुवातच 'फरक नाही असं धरू' इथून करतं, त्यामुळे त्या धरण्याच्या खरेखोटेपणावर ते थेट निकाल देऊ शकत नाही. आणि पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी असेल तरच फरक सार्थक, ही रेषा आकाशातून पडलेली नाही. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली सोयीची मर्यादा म्हणून ती वापरली आणि पुढे तिचा उंबरठा झाला.

तू लिहिलंस, 'माझा अभ्युपगम खोटा ठरला.' नाही ठरला, बाळा. तुला फक्त पुरावा पुरला नाही. हा भेद मी इतक्या आग्रहाने सांगते कारण पहिल्या प्रकल्पानंतर खूप मुलं इथेच हिरमुसतात आणि मग आकड्यांशी खेळायला लागतात. तुझ्याच आकड्यांतून ९५ टक्क्यांचं विश्वास-अंतर, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, काढ: ३.६ अधिक-वजा २.०४८ गुणिले २.६३. उत्तर −१.८ पासून ९.० पर्यंत. म्हणजे तुझ्या माहितीशी 'घरच्या मुलीच किंचित जास्त घाबरतात' हेही जुळतं आणि 'वसतिगृहातल्या मुली ९ गुणांनी जास्त घाबरतात' हेही जुळतं. एवढ्या मोठ्या अंतरातून 'फरक नाही' असं ठामपणे म्हणता येतं का? नाही. 'आहे' असंही म्हणता येत नाही.

आणखी एक आकडा काढ, परिणामाचा आकार. ३.६ ला दोन्ही गटांच्या एकत्रित प्रमाण विचलनाने, म्हणजे ७.२ ने भाग. ०.५ येतो. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने घालून दिलेल्या ढोबळ मोजपट्टीवर ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. तुझा मध्यम आहे, दुर्लक्ष करण्यासारखा मुळीच नाही. मग सार्थक का नाही आला? कारण मध्यम आकाराचा खरा फरक दहातून आठ वेळा पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ जणी लागतात. तुझ्याकडे १५. तेवढ्या नमुन्यात खराखुरा मध्यम फरकसुद्धा चारांतून जेमतेम एकदा सार्थक ठरतो. तू काही चुकलं नाहीस. जाळीची भोकं मोठी होती, मासा निसटला, किंवा मासा नव्हताच. या जाळीने ते कळणार नव्हतं. पुढच्या वेळी नमुना किती घ्यायचा हे पत्रिका वाटण्याच्या आधी ठरव आणि मार्गदर्शकांना विचार. तीसचा आकडा आपल्याकडे परंपरेने चालत आलाय, दर वेळी तो पुरतोच असं नाही.

'सगळेच काढतात', असं तुझी सीनियर म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस, पण तिला ही गोष्ट सांग. २०११ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मुद्दाम करून दाखवला. काही विद्यार्थ्यांना म्हातारपणावरचं एक गाणं ऐकवलं, काहींना दुसरं. शेवटी सार्थक निष्कर्ष निघाला की ते गाणं ऐकणारे जवळजवळ दीड वर्षाने तरुण झाले. तरुण वाटायला लागले असं नाही, जन्मतारखेनुसार तरुण! पी-मूल्य ०.०४. त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. फक्त बऱ्याच गोष्टी मोजल्या आणि सोयीच्या तेवढ्या सांगितल्या, मधे मधे उत्तर काढून बघितलं आणि हवं ते आल्यावर थांबले. 'एकीला काढून बघते' हे त्याच कुटुंबातलं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका नावाजलेल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आकडेच मनाने रचल्याचं उघड झालं. पुढे त्याचे ५० हून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. ते उघड केलं त्याच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी. आणि २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून बघितले गेले, तेव्हा मूळच्या १०० पैकी ९७ सार्थक होते, पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्के सार्थक आले. आपल्या विषयाला यातून सावरायला वेळ लागतोय. पुढे तू समुपदेशक झालीस तर अशाच कुणीतरी छापलेल्या अभ्यासावर विसंबून समोरच्या मुलीला काहीतरी सांगणार आहेस, हे लक्षात ठेव.

कोणती टेस्ट कुठे लावायची, यावर एक उदाहरण पोटभर सांगते, कारण ते टी-चाचणीच्या जन्मातलंच आहे. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत नोकरीला होते. तिथे प्रयोग छोटे असायचे, चार-पाच नमुन्यांचे, आणि त्या काळची सूत्रं मोठ्या नमुन्यांसाठी. त्यांनी छोट्या नमुन्यांचं गणित बसवलं आणि १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केलं. म्हणून ती 'स्टुडंट्स टी'. त्या लेखात त्यांनी झोपेवरची माहिती वापरली होती. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलामझू इथल्या मनोरुग्णालयातल्या रुग्णांना दोन वेगळी झोपेची औषधं देऊन किती तास जादा झोप लागली ते मोजलं होतं. दहा रुग्ण, तेच दहा दोन्ही औषधांना. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास जादा, दुसऱ्याने २.३३.

आता समज, हे वीस वेगवेगळे रुग्ण आहेत असं धरून तू तुझ्या प्रकल्पातलीच टी लावलीस. १.८६ येतो, तक्त्यात २.१०१ हवा. सार्थक नाही. पण ते वीस नाहीत, दहाच आहेत, आणि झोपेच्या बाबतीत माणसं एकमेकांपासून फार वेगळी असतात. एका रुग्णाला पहिल्या औषधाने उलट १.६ तास कमी झोप लागली, दुसऱ्याने ०.८ जादा. दुसऱ्या एकाला पहिल्याने ३.४, दुसऱ्याने ४.४. या दोघांची एकमेकांशी तुलना कशाला? प्रत्येकाची स्वतःशीच कर. दहा रुग्णांचे दहा फरक: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. एकही ऋण नाही. यांचं मध्यमान १.५८, प्रमाण विचलन १.२३, आणि टी ४.०६. तक्त्यात २.२६२ पुरे. आकडे तेच, पण माहिती कशी गोळा केली हे लक्षात घेतलं म्हणून उत्तर वेगळं आलं.

म्हणून टेस्ट निवडताना पहिला प्रश्न हाच: दोन आकडे एकाच माणसाचे किंवा एकाच जोडीतल्या दोघांचे आहेत, की एकमेकांशी संबंध नसलेल्या वेगळ्या माणसांचे? ध्यानाच्या आधी आणि नंतर, डावा हात आणि उजवा हात, आई आणि तिची मुलगी, या जोड्या. तिथे जोडीची टी. वसतिगृह आणि घर, तिथे स्वतंत्र गटांची. हे जमलं की बाकीचं सोपं आहे. गुण नसून नुसती मोजणी असेल, किती मुली 'हो' म्हणाल्या आणि किती 'नाही', तर काय-वर्ग (chi-square) चाचणी. तीन किंवा जास्त गट असतील तर प्रचरण विश्लेषण (अनोवा). दोन मापं एकत्र वरखाली होतात का बघायचं असेल तर सहसंबंध, आणि हातात गुणांऐवजी क्रमांक असतील तर स्पिअरमन यांचा. चार्ल्स स्पिअरमन तर आपलेच, मानसशास्त्रज्ञ. आकड्यांचा आणि आपल्या विषयाचा संबंध किती जुना आहे बघ. सहसंबंधावरून कारण सांगायचं नाही, हे तुला पाठ असेलच. तुझ्या प्रकल्पालाही ते लागू आहे. वसतिगृहातल्या मुली बहुधा लांबच्या गावांतून आलेल्या असतील, घरच्या अपेक्षाही वेगळ्या असतील. उद्या फरक सार्थक आला तरी तो भिंतींमुळे आला असं म्हणता येणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. पुस्तकात प्रमाण विचलन, सर म्हणतात एसडी, संगणकावर तिसरंच काही, यात निम्मी शक्ती जाते. एका वहीत तीन रकाने आखून प्रत्येक शब्दाची तिन्ही नावं शेजारी शेजारी लिही. संगणकासाठी महागडं काही लागत नाही, जामोवी आणि जास्प ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. मात्र तिथे जाण्याआधी प्रत्येक चाचणी एकदा हाताने, पाच-सहा आकड्यांवर केलेली असू दे.

प्रकल्पात निष्कर्षाचा परिच्छेद साधारण असा लिही: "वसतिगृहातील विद्यार्थिनींचे परीक्षा-चिंतेचे मध्यमान (४८.२) घरून येणाऱ्या विद्यार्थिनींपेक्षा (४४.६) जास्त आढळले; मात्र हा फरक ०.०५ पातळीवर सार्थक नाही (टी = १.३७, स्वाधीनता मात्रा २८). परिणामाचा आकार ०.५ म्हणजे मध्यम आहे. नमुना लहान असल्याने निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. वसतिगृहातील एका विद्यार्थिनीचा प्राप्तांक (२९) इतरांहून बराच कमी आहे. पत्रिका तपासली असता त्यात चूक आढळली नाही, म्हणून तो विश्लेषणात ठेवला आहे. तो वगळल्यास टी २.१४ येतो." हो, ते शेवटचं वाक्यही लिही. काढून बघितलंस हे लपवू नकोस. व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतील, सार्थक का नाही आलं? मग ६४ आणि १५ ची गोष्ट शांतपणे सांग. मी स्वतः परीक्षक म्हणून बसले आहे, आणि असं उत्तर देणाऱ्या मुलीसमोर पुढचा प्रश्न मी नेहमी आनंदाने विचारला आहे.

चिठ्ठ्यांचं काय झालं ते मात्र कळव. शंभरांतून किती वेळा ३.६ च्या वर गेला तो आकडा पाठव. अठराच्या जवळ नसला तरी जो आला तोच पाठव.

तुझी,
मॅडम